कासवगुरुजींनी न सांगितलेले कारण

डोंगराच्या कुशीतल्या एका दाट रानात प्राण्यांनी एक विद्यापीठ चालवले होते. पिलांनी तिथे यावे, वारा कुठून येतो ते ओळखायला शिकावे, कोणती फळे खावीत आणि कोणती टाळावीत हे समजून घ्यावे आणि शहाणे होऊन आपापल्या कळपात परत जावे, असा तिथला रिवाज होता. या विद्यापीठाचे एक संशोधन केंद्रही होते. मुलांनो, आजची गोष्ट त्या केंद्राची आहे. ही गोष्ट सांगताना मला राग येतो. ऐकताना तुम्हालाही आला, तर तो गिळू नका.

केंद्राचे काम एकच होते, रानातले पाणी तपासण्याचे. उन्हाळा लागला की ओढे आटत आणि जागोजागी डोह तेवढे उरत. त्यांतला कोणता डोह पिण्याजोगा आहे आणि कोणता नाही, हे केंद्राने पाहायचे आणि दर पौर्णिमेच्या सकाळी विद्यापीठासमोरच्या मोठ्या खडकावरून सर्वांना सांगायचे. ही पद्धत इतकी जुनी होती की प्राण्यांनी पाणी स्वतः हुंगून पाहणेसुद्धा सोडून दिले होते. केंद्राने चांगले म्हटले की ते चांगले.

केंद्राचे संचालक एक म्हातारे कासव होते. सगळे त्यांना कासवगुरुजी म्हणत. तीस उन्हाळे त्यांनी हे काम केले होते आणि त्यांच्या एकाही नोंदीत कधी चूक सापडली नव्हती. गुरुजी कुणाशी भांडत नसत. कुठे वाद सुरू झाला की ते हळूच मान पाठीच्या कवचात ओढून घेत आणि सगळे शांत झाले की बाहेर काढत. याला सारे रान त्यांची शालीनता म्हणत असे.

त्यांच्या हाताखाली एक साळिंदर उपसंचालक होती. तिला सगळे साळूताई म्हणत. ती कामाला वाघ होती, पण तिला राग फार लवकर येई. राग आला की तिच्या अंगावरचे काटे सळसळत उभे राहत आणि समोरचा दोन पावले मागे सरके. गुरुजी तिला समजावत, "साळू, काटे खाली कर. आवाज चढला की आपला मुद्दा पडतो." साळूताईला ते पटत नसे, पण गुरुजींवर तिची श्रद्धा होती, म्हणून ती काटे खाली करी.

दोघांनी काम वाटून घेतले होते. विद्यापीठाजवळच उंबराच्या सावलीत एक डोह होता, त्याला उंबरपाणी म्हणत. गुरुजींना लांब चालवत नसे, म्हणून उंबरपाण्याच्या नोंदी ते स्वतः ठेवत. दगडी डोह आणि त्यापलीकडचे डोह लांब होते. तिथे साळूताई जाई.

विद्यापीठाचा कुलगुरू होता एक रानगवा. तो चालला की जमीन हादरे. पण पोटभर चरून झाल्यावर सावलीत पडावे आणि कुणी तक्रार घेऊन आपल्यापर्यंत येऊ नये, एवढीच त्याची इच्छा असे. म्हणून सगळा कारभार कुलसचिव कोल्हा पाहत होता. कोल्हा कुणालाही वाईट बोलत नसे. तो कधी "नाही" म्हणत नसे, "पाहू या" म्हणत असे.

त्या वर्षी रानडुकरांच्या कळपाने एक युक्ती शोधून काढली. रानात एक कडू कंद मिळत असे. तो तसाच खाल्ला तर विषारी, पण वाहत्या पाण्यात तीन दिवस भिजत ठेवला की त्यातले विष धुऊन जाई आणि तो खायला गोड लागे. यासाठी त्यांना उंबरपाण्याच्या वरच्या अंगाला असलेला झरा हवा होता. रानडुकरांचा म्होरक्या कोल्ह्याकडे गेला. झरा आम्हाला वापरू द्या, आम्ही रोज विद्यापीठाला भिजवलेल्या कंदांचा ढीग आणून देऊ, असे त्याने सांगितले. कोल्ह्याने ते कुलगुरूच्या कानावर घातले. कुलगुरू गवा तेव्हा रवंथ करत होता. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून विद्यापीठात कंद येऊ लागले. भर उन्हाळ्यात, जेव्हा गवताची काडी मिळायची मारामार, तेव्हा सगळ्यांना पोटभर खायला मिळू लागले. साळूताईनेही ते कंद आवडीने खाल्ले. कंदातले विष धुऊन जाते हे सगळ्यांना ठाऊक होते. ते धुऊन कुठे जाते, हे कुणीच विचारले नाही.

ते उंबरपाण्यात जात होते.

गुरुजींच्या ते आधी लक्षात आले. डोहातले बेडूकमासे मेले, मग गोगलगाई मेल्या, मग काठच्या शेवाळावर पांढरट फेस धरू लागला. गुरुजींनी घाई केली नाही. सलग दहा दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी पाहिले, झऱ्यापर्यंत सरपटत जाऊन आले आणि मग झाडाच्या सालीवर अहवाल कोरला : "उंबरपाणी पिण्यास योग्य नाही. मोठ्या प्राण्यांना पोटदुखी होईल, लहान पिलांच्या जिवाला धोका आहे. कारण, वरच्या झऱ्यात भिजवले जाणारे कंद." त्याची एक प्रत त्यांनी कोल्ह्याला नेऊन दिली.

कोल्ह्याने अहवाल दोनदा वाचला. गुरुजींच्या कामाची त्याने फार स्तुती केली. मग म्हणाला, की एवढेच करावे, "योग्य नाही" या शब्दांच्या जागी "अधिक अभ्यासाची गरज आहे" असे लिहावे. गुरुजींनी नकार दिला. मी खोटे लिहिणार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. तेव्हा कोल्ह्याचा आवाज आणखी मऊ झाला. गुरुजींनी तीस उन्हाळे खपून काम केले, आता त्यांना विश्रांती मिळायला हवी, असे तो म्हणाला. शिवाय हे केंद्र चालू ठेवावे की नाही याबद्दल कुलगुरूंच्या मनात विचार घोळतो आहे, हेही त्याने जाता जाता सांगितले. मग त्याने पौर्णिमेची यादी गुरुजींसमोर ठेवली. यादीत उंबरपाणी चांगले म्हणून लिहिलेले होते. गुरुजींनी तिच्यावर आपल्या पंजाचा ठसा उमटवला नाही. त्यांनी मान कवचात ओढून घेतली.

दोन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्यात लिहिले होते : "माझे वय झाले आहे. उरलेले दिवस नदीकाठी काढावेत असे वाटते. विद्यापीठाने मला जे प्रेम दिले, त्याबद्दल मी आजन्म ऋणी राहीन."

मुलांनो, या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. त्यांचे वय झालेच होते. नदी त्यांना आवडतही होती. पण उंबरपाण्याचे नाव त्यात कुठेच नव्हते.

निरोप समारंभ मोठा झाला. कुलगुरू गवा त्या दिवशी जागा राहिला. असा संशोधक पुन्हा होणे नाही, असे तो म्हणाला. कोल्ह्याने गुरुजींच्या गळ्यात रानफुलांचा हार घातला आणि डोळे पुसले. नंतर सगळ्यांना कंद वाढण्यात आले. साळूताईला जेवण गेले नाही. गुरुजी निघाले तेव्हा ती त्यांच्यासोबत रानाच्या कडेपर्यंत गेली आणि एकदम असे का ठरवले, असे तिने विचारले.

"वय झालं, साळू," गुरुजी म्हणाले.

तुम्हाला मला काही सांगून ठेवायचे आहे का, असेही तिने विचारले. गुरुजी थांबले. मग म्हणाले, "सगळं कपारीत ठेवलेलं आहे. वाचत जा." आणि चालू लागले.

कपारीत तीस उन्हाळ्यांच्या साली होत्या, एकीवर एक रचलेल्या. त्यातली कोणती वाचायची, हे त्यांनी सांगितले नाही.

साळूताईला प्रभारी संचालक नेमण्यात आले. गुरुजी रानाबाहेर पडायला आणि पौर्णिमा यायला दोनच दिवसांचे अंतर होते. पौर्णिमेच्या सकाळी कोल्हा यादी घेऊन आला. साळूताईने यादी पाहिली आणि सांगितले की उंबरपाण्याच्या नोंदी गुरुजी ठेवत, मी त्या अजून पाहिलेल्या नाहीत, मला दोन दिवस द्या. कोल्हा म्हणाला की कळप जमले आहेत, कुलगुरू खडकाशी येऊन बसले आहेत, आता त्यांना परत कसे पाठवायचे? मग तो हळूच म्हणाला, "गुरुजींनी ही यादी पाहिलेली आहे, ताई."

हेही खोटे नव्हते.

साळूताई खडकावर चढली. तिने यादी वाचली. उंबरपाणी चांगले आहे, असे तिने मोठ्या, खणखणीत आवाजात सांगितले.

खडकासमोरच्या गर्दीत एक हरिणी होती. तिचे ते पहिलेच पाडस, जेमतेम दीड महिन्याचे. त्या दिवशी ती त्याला दगडी डोहावर घेऊन निघाली होती. पण यादी ऐकली आणि तिला वाटले, जवळच चांगले पाणी असताना एवढ्या उन्हात पोराला कशाला चालवायचे? ती उंबरपाण्यावर गेली. पाडस तहानलेले होते. ते पोट फुगेपर्यंत प्यायले.

दुपारी त्याचे पाय लटपटू लागले. मग ते आडवे झाले आणि त्याच्या तोंडातून फेस येऊ लागला. हरिणी त्याला चाटत राहिली, नाकाने ढोसून उठवू पाहत राहिली. ऊन उतरायच्या आत ते गेले.

विद्यापीठाने जाहीर केले की पाडसाला ऊन लागले.

दुसऱ्या दिवशी हरिणी केंद्रात आली. ती रडत नव्हती. तिने साळूताईला एवढेच विचारले, "चांगलं आहे असं तुम्हीच सांगितलं होतं ना?" उत्तराची वाट न पाहता ती निघून गेली.

साळूताई तशीच उंबरपाण्यावर धावली. काठावर फेस होता, पाण्यावर मेलेले बेडूकमासे तरंगत होते आणि मेलेल्यांचा तो खच एका दिवसातला नव्हता. ती परत आली आणि कपारीतल्या साली उपसू लागली. एक एक करत सगळ्या बाहेर काढल्या. सर्वांत खाली, तीस वर्षांपूर्वीच्या नोंदींच्याही खाली, तिला गुरुजींचा अहवाल सापडला. तो निरोप समारंभाच्या बारा दिवस आधी लिहिलेला होता.

तिच्या अंगावरचा एकूण एक काटा उभा राहिला. ती कोल्ह्याकडे गेली नाही. कोल्हा कसा आहे हे तिला माहीत होते, त्याच्याकडून तिने कधी कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती. साल दातात धरून ती नदीकडे निघाली. दीड दिवस ती वाटेत कुठे थांबली नाही.

गुरुजी नदीकाठी एका सपाट दगडावर ऊन खात बसले होते. साळूताईने साल त्यांच्यासमोर टाकली आणि विचारले, "हा अहवाल तुमचा?"

"माझाच," गुरुजी म्हणाले. "सापडला का तुला? बरं झालं. मी मुद्दाम तिथे ठेवला होता."

"हरिणीचं पाडस गेलं."

गुरुजींनी मान आत ओढून घेतली. साळूताई त्यांच्या तोंडापुढे जाऊन बसली. तिने काटे खाली केले नाहीत.

"डोकं बाहेर काढा, गुरुजी," ती म्हणाली. "आज मी तुम्हाला आत बसू देणार नाही."

बराच वेळ गेला. ऊन दगडावरून सरकले. साळूताई हलली नाही. शेवटी गुरुजींचे डोके बाहेर आले आणि ते बोलू लागले. कोल्ह्याने काय सांगितले, आपण काय नाकारले, सगळे त्यांनी सांगितले. खरे कारण सांगितले असते तर गोंधळ झाला असता, केंद्र बंद पडले असते, विद्यापीठाची बदनामी झाली असती, असे ते म्हणाले. आयुष्यभर ज्या जागेवर काम केले, तिथून भांडण करून निघावे असे त्यांना वाटले नव्हते. मोठ्या प्राण्यांचे पोट दुखेल, बोभाटा होईल आणि महिन्याभरात कोल्हाच झरा मोकळा करून देईल, असा त्यांचा अंदाज होता.

"मी खोटं लिहिलं नाही, साळू," ते शेवटी म्हणाले. "एक अक्षर बदललं नाही."

"तुम्ही खरंही सांगितलं नाही," साळूताई म्हणाली. "तुम्ही स्वतःचे पंजे स्वच्छ ठेवलेत आणि ती यादी माझ्या तोंडी दिलीत. मी तुम्हाला विचारलं होतं. रानाच्या कडेला उभं राहून विचारलं होतं, काही सांगायचं आहे का म्हणून. तुम्ही मला वय सांगितलंत."

गुरुजींनी समोर पडलेल्या सालीकडे पाहिले.

"तुम्हाला गोड निरोप हवा होता, गुरुजी. तो मिळाला. आता चला आणि खडकासमोर उभं राहून सगळं सांगा."

येताना उतार होता, आता सगळा चढ आहे, मला पोहोचायला दहा दिवस लागतील, असे गुरुजी म्हणाले. मग आत्ताच निघा, असे साळूताईने सांगितले आणि ती वळली. ते निघाले की नाही, हे तिने मागे वळून पाहिले नाही.

रानात परतल्यावर तिने सभा मागितली. कुलगुरू टाळाटाळ करत होता, पण हरिणी त्याच्या सावलीच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि सभा ठरेपर्यंत तिथून हलेना. त्याची झोप होईना, तेव्हा त्याने सभा बोलावली.

साळूताई खडकावर चढली आणि सर्वांत आधी स्वतःची चूक बोलली. "यादी मी वाचली. पाणी न पाहता वाचली. त्या पाडसाच्या मरणात माझा वाटा आहे आणि तो मी कुणाच्या अंगावर ढकलणार नाही." मग तिने अहवाल वाचून दाखवला. सभेत खळबळ उडाली. डुकरांच्या कळपाकडे सगळे वळून पाहू लागले.

कोल्हा उठला. तो रागावला नाही. साळूताईंच्या मनाला किती यातना होत असतील हे मी समजू शकतो, असे तो म्हणाला. मग त्याने गुरुजींचे राजीनामापत्र काढले आणि सावकाश वाचले. वय, नदीकाठ, प्रेम, ऋण.

"आपल्या गुरुजींना तुम्ही सगळे ओळखता," कोल्हा म्हणाला. "पाण्यात विष आहे असं त्यांना कळलं असतं, तर त्यांनी ते या पत्रात लिहिलं नसतं? हार घालून घेऊन, हसतमुखाने, तुम्हाला मरायला सोडून ते निघून गेले असते?"

याचे उत्तर साळूताईकडे होते, पण ते तिने ओरडून सांगितले. तिचे काटे ताठ उभे होते आणि आवाज चिरकत होता. पुढे बसलेले प्राणी मागे सरकले. ही चिडकी आहे, हे त्यांना आधीपासून माहीत होते. गुरुजी सज्जन आहेत, हेही माहीत होते. चिडकीने आपली चूक सज्जनाच्या माथी मारली, असे त्यांना वाटले. त्याच सभेत साळूताईचा कार्यभार काढून घेण्यात आला. योग्य व्यक्ती मिळेपर्यंत संचालकपद कोल्हा स्वतः सांभाळणार, असे ठरले. उंबरपाण्याबद्दल अधिक अभ्यास चालू आहे, असेही जाहीर झाले.

एकट्या हरिणीने मात्र साळूताईवर विश्वास ठेवला. खोटे बोलणारा आधी स्वतःचा दोष सांगत नाही, एवढे तिला कळत होते. त्या दोघी उंबरपाण्याच्या वाटेवर उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येक कळपाला त्या मागे फिरायला सांगत. काही ऐकत. काही हसत आणि बाजूने निघून जात. त्या दिवसांत एका वानरीचे पिल्लू ते पाणी पिऊन आजारी पडले, भेकरांची दोन पाडसेही लोळागोळा झाली. त्यांनाही ऊन लागले, असे सांगण्यात आले.

अकराव्या दिवशी कासवगुरुजी आले. चालून चालून त्यांच्या पायांची सालपटे निघाली होती. ते आधी खडकाकडे गेले. कोल्ह्याने त्यांचे मोठे स्वागत केले, बसायला सावली दिली आणि सांगितले की निवृत्त संचालकांना खडकावरून बोलायचे असेल, तर कुलगुरूंची परवानगी लागते आणि कुलगुरू झोपले आहेत. पूर्वीचे गुरुजी असते, तर त्यांनी मान आत घेतली असती. या वेळी ती बाहेर राहिली. ते वळले आणि सरपटत उंबरपाण्याच्या वाटेवर जाऊन बसले.

येणाऱ्या प्रत्येक प्राण्याला ते थांबवू लागले. पाण्यात विष आहे, अहवाल माझा आहे, मी तो दडवला, असे सांगू लागले. प्रत्येक प्राणी एकच प्रश्न विचारी, तुम्हाला हे कधी कळले? निरोपाच्या आधी बारा दिवस, असे गुरुजी सांगत. मग त्या दिवशी का नाही सांगितले, असे विचारले की गुरुजींना उत्तर द्यायला वेळ लागे. पण ते देत.

"धीर झाला नाही," ते म्हणत. "आणि मला तो हार हवा होता."

हे त्यांना दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणावे लागे. वानरीने ते ऐकले आणि एक धोंडा उचलून त्यांच्या पाठीवर मारला. गुरुजी हलले नाहीत. मागून येणाऱ्या रानकोंबड्यांना त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी सगळे कळप मिळून झऱ्यावर चालून गेले. पुढे साळूताई होती आणि या वेळी तिच्या काट्यांना कुणी घाबरले नाही. रानडुकरांचा म्होरक्या समोर आला. काय झाले ते त्याला सांगितल्यावर त्याने मागे वळून झऱ्यातल्या कंदांकडे पाहिले. मग म्हणाला, "आम्ही कोल्ह्याला विचारलं होतं, खाली कुणाला त्रास तर होणार नाही ना. तो म्हणाला, कासवगुरुजी स्वतः पाण्यावर लक्ष ठेवून आहेत." त्याने आपल्या कळपाला कंद उचलायला लावले. उंबरपाण्याच्या खालच्या अंगाला, जिथे डोहातून पुढे वाहणारे झऱ्याचे पाणी कुणी पीत नसे, तिथे ते नेऊन ठेवले. एका सकाळीत काम झाले.

एवढेच करायचे होते, मुलांनो. कंद चारशे पावले खाली न्यायचे होते.

डोह निवळायला पुढे महिना लागला. दरम्यान कुलगुरू गव्याने जाहीर केले की विद्यापीठाने दूरदृष्टी दाखवून झरा मोकळा करून घेतला आहे. या वेळी कुणी माना डोलावल्या नाहीत. कळपांनी आपली पिले विद्यापीठात पाठवणे बंद केले. तेव्हा कोल्ह्याने राजीनामा लिहिला. वैयक्तिक कारणामुळे आपण पद सोडत आहोत, असे त्यात होते. कुलगुरूने त्याच्यासाठी निरोप समारंभ ठरवला आणि साळूताईला निरोप धाडला की झाले गेले विसरा, संचालक म्हणून परत या.

साळूताई आली. पण पदावर बसण्याआधी ती खडकावर चढली. काय काय घडले, कोणी कोणाला काय सांगितले, कोणी काय दडवले आणि आपल्याला का काढले होते, ते सगळे तिने नावे घेऊन सांगितले. स्वतःचे नावही वगळले नाही. कोल्हा का जात आहे, हेही सांगितले. ती ओरडून बोलली, तिचे काटे उभे होते आणि कळप शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. कोल्ह्यासाठी आणलेला हार तसाच पडून राहिला. तो मागच्या वाटेने निघून गेला. यापुढे केंद्राचा प्रत्येक अहवाल लिहिला त्याच दिवशी खडकावरून वाचला जाईल, कुलसचिवाला दाखवून मग नव्हे, असे साळूताईने जाहीर केले आणि ते तिने पाळले. गवा मात्र कुलगुरू राहिला. त्याला कुणी काही विचारले नाही आणि मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा.

कासवगुरुजी नदीकडे परत निघाले, तेव्हा त्यांना पोहोचवायला कुणी आले नव्हते. वाटेत हरिणी उभी होती. गुरुजी थांबले आणि त्यांनी तिची क्षमा मागितली.

हरिणी म्हणाली, "दगडी डोह अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, गुरुजी. तुम्ही सांगितलं असतं, तर मी त्याला तिकडे नेलं असतं."

एवढे बोलून ती बाजूने निघून गेली. क्षमा केली की नाही, हे तिने सांगितले नाही आणि गुरुजींनी पुन्हा विचारले नाही.

तात्पर्य : अन्याय पाहून जो जागा सोडतो, त्याने जाण्याचे खरे कारण मोठ्याने सांगून जावे. त्याच्या शालीन मौनाचा फायदा अन्याय करणाऱ्याला होतो आणि त्याची शिक्षा मागे राहणाऱ्यांना भोगावी लागते.